चित्रकाचं मूळ आणि न भरणारी जखम

डिस्कव्हरी गार्डन्स या आमच्या वसाहतीत, आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या तळपायाची जखम चार महिने भरत नव्हती. मधुमेह जुना. अँटिबायोटिकचा कोर्स संपला की आठ दिवस बरे जायचे, मग परत पू. "औषधच लागू पडत नाही गं," त्या म्हणायच्या. औषध योग्यच होतं, पण जंतू आडोशाला बसले होते.

बादलीच्या तळाशी हाताला लागणारा बुळबुळीत थर आठवा, किंवा दातांवरचं किटण. जखमेत, लघवीच्या नळीवर, बदललेल्या गुडघ्यावर जंतू असेच चिकटतात आणि शर्करेच्या साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट थर स्वतःभोवती विणतात. हा बायोफिल्म. आतले बरेच जंतू जवळजवळ निजलेले असतात, आणि पुष्कळशी अँटिबायोटिकं वाढत्या जंतूंवरच चालतात. त्यामुळे मोकळा जंतू ज्या मात्रेने मरतो, तिच्या शेकडो पट मात्राही इथे अपुरी पडू शकते.

पुणे विद्यापीठात डॉ. बाळू चोपडे आणि सहकाऱ्यांनी या थरावर चित्रकाचं मूळ वापरून पाहिलं; ते काम २०१४ साली प्रसिद्ध झालं. आपल्या चित्रकादी वटीतला तोच चित्रक. मुळाचा अर्क चांदीच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला की अर्कातली रसायनं चांदीचे नॅनोकण घडवतात, आणि कणांना लपेटून त्यांच्या गुठळ्याही होऊ देत नाहीत. मला यातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं: घडवणारी वनस्पती आणि राखणारीही तीच. या कणांनी प्रयोगशाळेत असिनेटोबॅक्टर बॉमानीसारख्या जंतूंचा बायोफिल्म मोडला. हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो. त्याच्या कार्बापेनेम औषधांना न जुमानणाऱ्या जाती जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली, नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जंतूंच्या यादीत सर्वांत वर ठेवल्या.

प्रयोगशाळेतून जखमेपर्यंतची वाट मात्र लांब आहे. माती आणि ऋतू बदलले की मुळातल्या रसायनांचं प्रमाण बदलतं, मग कणही बदलतात. चांदी जास्त झाली तर आपल्याच पेशींना इजा होते. आणि घरी चित्रक उगाळून जखमेवर लावण्याचा विचारही करू नका. कच्च्या मुळाने कातडीवर फोड येतात. म्हणूनच वैद्य ते आधी चुन्याच्या निवळीत शुद्ध करतात.

काकूंचे डॉक्टर आता दर आठवड्याला जखमेवरचा थर हाताने खरवडून काढतात आणि तो पुन्हा धरायच्या आत औषध लावतात. गेल्या महिन्यापासून जखमेची कड गुलाबी दिसू लागली आहे.