मोगरा हिवाळ्यात मरतो की झोपतो? थंडीत काय करावे, काय टाळावे?

डिसेंबर उजाडला की बाल्कनीतल्या मोगऱ्याची रया जाते. पाने पिवळी पडून गळतात, एकही कळी दिसत नाही. मग कोणी रोज तांब्याभर पाणी जास्त घालते, कोणी खताचा मारा करते, तर कोणी ‘झाड गेले’ म्हणून कुंडीच रिकामी करते. प्रत्यक्षात झाड अनेकदा जिवंत असते. थंडीपेक्षा ही जास्तीची काळजीच त्याला महागात पडते.

थंडीत नेमके काय होते?

मोगरा मूळचा उष्ण प्रदेशातला. रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास आले की त्याची वाढ जवळपास थांबते. मुळे पाणी कमी ओढतात, माती लवकर सुकत नाही. सतत ओल्या मातीत हवा खेळत नाही आणि मुळे कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी वर पोहोचवता येत नाही, म्हणून पाने मलूल होतात. ते पाहून झाड तहानले असे वाटते आणि पुन्हा पाणी घातले जाते.

पारा शून्याखाली गेला तर धोका वेगळा. पेशींच्या मधल्या जागेत बर्फ तयार होतो आणि पेशींमधले पाणी बाहेर ओढले जाते. कोवळे शेंडे आणि पाने काळी पडतात.

झाड जिवंत आहे, हे कसे ओळखावे?

फांदीची साल नखाने हलकेच खरवडावी. आत हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे. शेंडा वाळला असेल तर खाली खाली तपासत जावे. बुंध्याजवळ हिरवेपणा असेल तर झाड पुन्हा फुटू शकते.

कुठे काय करावे?

• पुणे, मुंबई : कुंडी बाहेरच, उन्हात ठेवावी. बोटाची दोन पेरे आत माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. खत बंद.

• निफाड, दिल्ली : पारा ५ अंशांकडे उतरू लागला की कुंडी भिंतीलगत, छपराखाली घ्यावी. रात्री जुनी चादर टाकून सकाळी काढावी. प्लास्टिक वापरल्यास ते पानांना टेकू देऊ नये.

• लंडन, न्यू जर्सी : इथल्या मराठी घरांतल्या मोगऱ्याला हिवाळा घरातच काढावा लागतो. बाहेर रात्री १० अंशांखाली जाण्याआधी कुंडी आत घेऊन दक्षिणेच्या खिडकीत ठेवावी, हीटरपासून मात्र दूर. हीटरमुळे हवा कोरडी होते आणि लाल कोळी वाढतो. म्हणून पानांची खालची बाजू अधूनमधून पाहावी आणि धुवावी.

परत बाहेर कधी काढावे?

लंडन, न्यू जर्सीसारख्या ठिकाणी मे महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत थांबणे बरे. घरातल्या मंद उजेडाला सरावलेली पाने थेट उन्हात करपतात. आधी सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात, असे आठ-दहा दिवसांत हळूहळू बाहेर न्यावे.

छाटणी का महत्त्वाची?

मोगऱ्याला कळ्या नव्या फुटव्यावर येतात. म्हणूनच मोगऱ्याचे शेतकरी हिवाळ्यात मुद्दाम पाणी तोडून झाडाला ताण देतात, छाटणी करतात आणि त्यानंतर खत-पाणी सुरू करतात. घरच्या कुंडीलाही हाच नियम लागू होतो. महाराष्ट्रात जानेवारीअखेर, तर परदेशात वसंताच्या तोंडावर वाळक्या आणि लांबलेल्या फांद्या छाटाव्यात. नवी पालवी दिसली की पाणी वाढवावे आणि थोडे शेणखत द्यावे.

हिवाळ्यातला उघडाबोडका मोगरा आजारी नसतो, तो विश्रांती घेत असतो. फेकण्याआधी एकदा नख लावून पाहावे. आत हिरवे असेल तर उन्हाळ्यात त्याच कुंडीत पुन्हा कळ्या धरू शकतात.