‘मलेरिया’ : एका शब्दाची कथा

हिवतापास आपण ‘मलेरिया’ म्हणतों. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ ताप असा नाहीं. इटालियन भाषेंत ‘माला’ म्हणजे वाईट व ‘आरिया’ म्हणजे हवा. रोम शहराभोंवतालच्या दलदलींत उन्हाळ्यांत ताप पसरे, तेव्हां तेथील दूषित हवा हेंच त्याचें कारण, असें लोक मानीत. कारणाचें नांव पुढें रोगासच पडलें. आपल्याकडेही ‘हवा बाधली’ असें म्हणतातच! १७४० सालीं होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकानें रोमहून लिहिलेल्या पत्रांत हा शब्द योजिला. पुढें तो इंग्रजींत रुळला व तेथून मराठींत आला.

परंतु १८८० सालीं लाव्हराँ यांनीं रोग्याच्या रक्तांत या तापाचे जंतु पाहिले, आणि १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथें ते डासाच्या पोटांत आढळले. १९०० सालीं डॉ. लो व डॉ. साम्बोन हे रोमजवळच्या दलदलींत, जाळ्या लावलेल्या झोपडींत, अनेक आठवडे राहिले. रात्रीची ती ‘वाईट’ हवा त्यांनीं खुशाल आंत घेतली. डास तेवढे येऊं दिले नाहींत. त्यांना ताप आला नाहीं! हवेविरुद्ध माणसानें शतकानुशतकें खोटी साक्ष दिली होती.

शब्द राहिला, समजूत गेली. पण आपल्या घरांतून ती गेली आहे काय? रात्रीच्या वाऱ्यास भिऊन आम्ही खिडकी लावून घेतों, आणि तिच्याखालींच पाण्याचें पिंप उघडें ठेवितों. विद्यार्थिमित्रांनो, त्या पिंपावर आजच झांकण घाला.