डॅलसला गेल्यावर गळ टाकायचा असेल तर

वेळापूर, अकलूज, नातेपुते या पट्ट्यात माळकऱ्यांची घरं पुष्कळ. पण याच गावांत नीरेकाठी, नरसिंहपूरच्या संगमावर किंवा टेंभुर्णीच्या पलीकडं उजनीच्या फुगवट्यावर गळ टाकून तासन्‌तास बसणारी माणसंही आहेत. अशा माणसाचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत डॅलसला नोकरीला असली, की आईवडील एकदा तरी सहा महिने तिकडं राहून येतात. पहिल्या पंधरा दिवसांत मॉल बघून होतात, मंदिर बघून होतं, मग वडील विचारतात, "हितं जवळपास एखादं धरण नाही का रं?"

धरण आहे, आणि ते उजनीच्याच वयाचं आहे. उजनीचं काम 1980 मध्ये पुरं झालं. डॅलसच्या पूर्वेला दीडेक तासाच्या रस्त्यावर लेक फोर्क नावाचा जलाशय आहे, त्याच्या धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली तीही फेब्रुवारी 1980 मध्येच. सत्तावीस हजार एकरांच्या आसपास पसारा, म्हणजे उजनीपुढं लहानच. पाणी कमी झालं की उजनीत पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तशी इथं बुडालेल्या रानातली वाळकी झाडं पाण्यात उभीच्या उभी राहिली आहेत. त्या झाडांच्या बुडख्याशी बास नावाचा मासा राहतो. टेक्सास राज्यातला आजवरचा सर्वांत मोठा बास जानेवारी 1992 मध्ये इथंच सापडला, सव्वाआठ किलोच्या आसपास वजनाचा.

उजनीत याहून मोठा कटला पाहिलेल्या माणसाला हे वजन किरकोळ वाटेल. पण बासची ओढ वजनापायी नसतेच. हा शिकारी मासा आहे. आपल्याकडच्या माशांत त्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर मरळ आठवावी. मरळ जशी गवताच्या आडोशाला निश्चल उभी राहते आणि बेडूक समोरून गेला की तुटून पडते, तसाच बास. मरळ पिल्लांची राखण करते, बासमध्ये ते काम नराकडं असतं. तो तळातली जागा शेपटीनं साफ करून घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर पहारा देत राहतो. त्या दिवसांत तो भुकेपोटी नव्हे, तर घरटं राखायला समोर येईल त्याला चावतो, म्हणून सहज गळाला लागतो. त्याला लांब नेऊन उशिरा सोडलं तर तेवढ्या वेळात बाकीचे मासे अंडी फस्त करतात.

त्यामुळं कणकेचा गोळा लावून बोयरी बघत बसायची सवय इथं उपयोगाची नाही. बासला हलतं भक्ष्य लागतं. अमेरिकेत त्यासाठी मऊ रबरी गांडूळ वापरतात, आणि ते लावायची एक पद्धत टेक्सासच्याच नावानं जगभर चालते. दोऱ्यात आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं ओवायचं, मग गळ बांधायचा. गळाचं टोक रबरी गांडुळाच्या डोक्यातून आत घालून बाहेर काढायचं, गळ फिरवून घ्यायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्याच अंगात रुतवून ठेवायचं. टोक झाकलेलं असल्यामुळं ते गवतात, फांद्यांत अडकत नाही. झाडाच्या बुडाशी फेकायचं, तळाला टेकू द्यायचं, काठी थोडी उचलून पुन्हा खाली सोडायचं. दोऱ्यावर टकटक जाणवली की सैल दोरा गुंडाळून एक जोरदार हिसका द्यायचा, म्हणजे टोक रबर फाडून माशाच्या जबड्यात बसतं. ज्याचा हात नीरेच्या काठावर तयार झालाय, त्याला ही टकटक ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही.

शिकायचा असतो तो तिथला कायदा. सहलीची आखणी खरं तर तिथूनच सुरू व्हावी, काठी-रिळाची खरेदी नंतर. सतरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला टेक्सासमध्ये मासेमारीचा परवाना लागतो. वडिलांचं वय झालंय, त्यांना सवलत असेल, असं मुलांनी गृहीत धरू नये. आपल्या देशातून गेलेल्या ज्येष्ठांना ती नाही. परवाना ऑनलाइन निघतो, एका दिवसाचाही मिळतो. वर्षाचा परवाना सप्टेंबर ते ऑगस्ट असा चालतो, म्हणजे जुलैत काढला तर 31 ऑगस्टला संपतो. चार महिने राहणाऱ्यानं हे बघूनच पैसे भरावेत.

त्यापुढची अट लांबीची. टेक्सासमध्ये सर्वसाधारण नियम असा की चौदा इंचांखालचा बास ठेवायचा नाही, दिवसाला पाचच ठेवायचे. लेक फोर्कचा नियम याहून वेगळा, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. तिथं सोळा इंचांपर्यंतचा मासा ठेवता येतो, सोळा ते चोवीस इंचांमधला प्रत्येक मासा लगेच सोडायचा, आणि चोवीस इंच किंवा त्याहून मोठे मासे कितीही लागले तरी त्यातला एकच ठेवायचा. मधल्या मापाचे मासे हे त्या तलावाचं बियाणं आहे. लहानांची गर्दी थोडी कमी झाली तर उरलेल्यांना खायला मिळतं, आणि मधले वाचले तर तेच पुढं मोठे होतात. तेरा पौंडांहून जड मादी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान सापडली, तर राज्याचं मत्स्यखातं ती पैदाशीसाठी मागून घेतं. 1986 मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा पहिला मासाही लेक फोर्कचाच होता.

उजनीवर मात्र बारीक आसाच्या जाळ्यात बोटभर पिल्लं येतात आणि काठावर ती वाळवायला पसरलेली दिसतात. कटला, रोहूचं बोटभर पिल्लू दोन वर्षं पाण्यात राहिलं असतं तर त्याच भोई कुटुंबाच्या हातात काही किलोंचा मासा आला असता. सगळीकडं चिलापीच उरली अशी तक्रार काठावर करायची आणि पिल्लांना जगू द्यायचं नाही, हे बरोबर नाही. पोट ज्याचं पाण्यावर आहे त्याच्यावर नुसता नियम लादून चालणार नाही, हे मान्य. पण माप ठरवायला, आणि ते माप मच्छीमारांनीच सांभाळायला, काही अडचण असायचं कारण नाही.

सोडायचा मासा जिवंत राहील असाच धरला पाहिजे. हात आधी ओले करायचे, कोरडा हात लागला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. बासच्या ओठात बारीक दात असतात, कापणारे नसतात, म्हणून अंगठा खालच्या ओठात घालून त्याला धरता येतं. मोठा मासा नुसत्या जबड्यावर लोंबकळत ठेवू नये, दुसरा हात पोटाखाली द्यावा. माप पट्टीवर, तोंड मिटवून आणि शेपटीची टोकं एकत्र दाबून घ्यायचं. फोटोही त्याच वेळी काढून मासा पाण्यात सोडायचा.

आता हाच माणूस जपानला गेला तर काय? क्योटोजवळच्या बिवा सरोवरात जुलै 2009 मध्ये मानाबू कुरिता यांनी जो बास धरला, त्यानं जॉर्जिया राज्यातल्या जॉर्ज पेरी यांच्या 1932 सालच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, दोन्ही मासे दहा किलोंचे. पण बिवात धरलेला बास पाण्यात परत सोडायला 2003 पासून मनाई आहे. बास तिथला नव्हे, 1925 मध्ये अमेरिकेतून आणून आशी सरोवरात सोडलेला. तो पसरला आणि स्थानिक मासे खाऊ लागला. बिवाच्या काठावर धरलेले बास टाकायला पेट्या ठेवल्या आहेत, आणि जिवंत बास एका ठिकाणाहून दुसरीकडं नेणं हा जपानमध्ये गुन्हा आहे. टेक्सासमध्ये जो मासा सोडला नाही तर दंड होतो, तोच बिवात सोडला तर नियमभंग होतो. म्हणून एका देशातला अनुभव दुसऱ्या देशात चालवू नये. प्रत्येक पाण्याचा नियम त्या पाण्यासाठी वेगळा वाचावा.

टेक्सासला वेळ कुठली धरावी? विणीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हा मासे काठाजवळ येतात. आपली माणसं बहुधा एप्रिल-मेमध्ये पोचतात, तोवर उथळ पाण्यात थोडे मासे असतात. जुलै-ऑगस्टचं ऊन सोलापूरच्या मे महिन्याची आठवण करून देणारं, मासेही खोलात जातात. तेव्हा पहाटे निघावं आणि दहाच्या आत परतावं. ऑक्टोबरपर्यंत मुक्काम असेल तर थांबायला हरकत नाही, शरदात मासा पुन्हा वर येतो.

माझा सल्ला विचाराल तर पहिला दिवस लेक फोर्कला घालवू नये. टेक्सासच्या राज्य उद्यानांत काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही, फक्त प्रवेश शुल्क भरायचं. लांबीचे आणि संख्येचे नियम मात्र तिथंही पाळायचे. काही उद्यानांत काठी-रीळही उसनं मिळतं. डॅलसच्या दक्षिणेला 'जो पूल' नावाच्या तलावावरचं सीडर हिल उद्यान त्यासाठी सोयीचं. आईलाही तिथं बाकावर बसता येतं, नातवंडं खेळतात, आणि फेकायच्या काठीचा वडिलांना सराव होतो. त्यांचं मन रमलं, तर मग लेक फोर्कवर गाईड ठरवावा. नाव, काठ्या, आमिष सगळं त्याच्याकडं असतं. प्रत्येकाचा परवाना मात्र आपला आपण काढायचा. ठरवतानाच सांगावं की सोबत वयस्कर माणूस आहे, नावेत पाठ टेकायची खुर्ची आहे का, अर्ध्या दिवसाची फेरी मिळेल का. जीवरक्षक जाकीट पोहता येणाऱ्यानंही घालावं. वीस-वीस वर्षं नदीत पोहलेली माणसं याला नको म्हणतात, पण पाण्याखालच्या खोडाला नाव थडकली तर तिथं पोहण्याचा उपयोग नसतो.

आणि घरी कालवण करायचा बेत असेल, तर गाईडला क्रॅपीसाठी चला म्हणावं. क्रॅपी त्याच तलावात असतो, मांस पांढरं आणि गोड, तिथले लोकही चवीला तोच धरतात. त्याची लांबी आणि संख्येची मर्यादा बासहून वेगळी आहे, ती नाव सुटायच्या आधी विचारून घ्यावी.