खोटं वादळ, खरा घाम

येत्या मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नदीचा बांध फुटणार आहे. साडेनऊला जिल्हा रुग्णालयातली वीज जाईल. दहाच्या सुमारास एक वार्ताहर फोन करून विचारेल, "तुम्ही वाटलेलं धान्य किडकं निघालं म्हणतात, खरं का?" आणि अकराला मदत पथकाच्या प्रमुखांच्या हातात एक चिठ्ठी पडेल: तुमच्या गाडीला अपघात झाला आहे, यापुढे दोन तास तुम्ही कुणाशीही बोलायचं नाही.

हे सगळं आठवडाभर आधी एका तक्त्यात लिहून ठेवलेलं असतं. घटना किती वाजता घडणार, ती कोण कुणाला आणि कशी कळवणार, फोनवरून, ईमेलने की दारात येऊन, याचे रकाने. शेवटच्या रकान्यात ही बातमी मिळाल्यावर पथकाने काय करणं अपेक्षित आहे ते. मदतकार्य करणाऱ्या संस्थांच्या सराव-आपत्त्या अशा तक्त्यांवर चालतात. तक्त्यातल्या एकेका ओळीला या क्षेत्रातली माणसं 'इंजेक्ट' म्हणतात. मी पहिल्यांदा असा तक्ता वाचला तेव्हा थक्क झाले. एरवी आपत्ती अंगावर येते आणि मग माणूस तिचा अर्थ लावत बसतो. इथे कुणीतरी शांतपणे बसून तिचा मिनिटामिनिटाचा हिशेब मांडला होता, आणि तोही दुसऱ्या कुणाला शहाणं करण्यासाठी.

या कल्पनेचं मूळ रणांगणावर आहे. 1824 साली प्रशियाच्या सैन्यातल्या फॉन राइसविट्झ या तरुण लेफ्टनंटने आपल्या वडिलांच्या एका खेळात सुधारणा करून तो राजपुत्राला आणि जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंग याला दाखवला. मोठ्या प्रमाणावर काढलेले नकाशे, सैन्याच्या तुकड्यांसाठी ठोकळे, नशिबासाठी फासे. म्युफलिंग इतका प्रभावित झाला की हा खेळ त्याने पलटणींमध्ये पोहोचवला. त्यातली खरी प्रतिभा होती पंचाच्या भूमिकेत. खेळाडू आपले हुकूम लेखी द्यायचे, पंच ते वाचायचा, आणि शत्रूचं जेवढं प्रत्यक्षात दिसू शकलं असतं तेवढंच खेळाडूला दाखवायचा. अर्धवट माहितीवर निर्णय घेण्याचा सराव या खेळाने टेबलावर आणला. आज पूर किंवा भूकंपाचा सराव घेणारा नियंत्रण कक्ष नेमकं हेच काम करतो.

मदतकार्याला अशा सरावाची गरज इतरांपेक्षाही जास्त आहे. अग्निशमन दलाला आग वरचेवर भेटते. पण एखाद्या संस्थेच्या देश-कार्यालयात पोषणाचा कार्यक्रम पाहणारी, हिशेब ठेवणारी, गाड्यांचं वेळापत्रक लावणारी माणसं वर्षानुवर्षं नेहमीचं काम करतात आणि एके दिवशी अचानक त्यांना लाखो लोकांचं पाणी, निवारा आणि औषधं बघावी लागतात. बरेचसे कर्मचारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. मागच्या पुरात शिकलेली माणसं तोवर दुसऱ्या देशात गेलेली असतात.

सराव रचायला बसलेला नवखा माणूस आधी आपत्ती निवडतो: भूकंप घेऊ या, सात पूर्णांक आठ तीव्रतेचा! मुरलेला माणूस आधी शंका निवडतो. कार्यालयाची इमारतच वापरता आली नाही तर पहिले तीन दिवस काम चालेल का? संस्थाप्रमुख देशाबाहेर असताना पैसे खर्च करायचा अधिकार कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे का? सरकार, संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था आणि स्थानिक संघटना एकाच गावात तीनदा सर्वेक्षण करतील की वाटून घेतील? शंका ठरली की तिला उघडं पाडणारी आपत्ती शोधायची.

मग सरावाचा प्रकार ठरतो. सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे टेबलाभोवती बसून "आता काय कराल?" असं विचारत जाणं. यात घाई नसते, म्हणून धोरणातली भोकं छान दिसतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे खऱ्या कार्यालयात, खऱ्या फोनवर, पण खोट्या घटनांवर चालणारा सराव. आणि शेवटी तंबू, ट्रक, नकली जखमा रंगवलेले स्वयंसेवक असा मैदानी सराव. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर नदीकाठी बोटी उतरवून होणारी रंगीत तालीम ती हीच. लोकांना आणि जवानांना तिचा उपयोग होतोच. पण कुठली बोट किती वाजता कुणाला बाहेर काढणार हे आधी सगळ्यांना पाठ असेल, तर ती तालीम कौशल्य घोटून घेते, निर्णय घोटून घेत नाही. मला स्वतःला मधली पायरी सर्वांत मोलाची वाटते. ती दिसायला नीरस असते. पाहुण्यांना दाखवण्यासारखं तिच्यात काही नसतं. फक्त फोन वाजत असतात आणि माणसं चुकत असतात.

कधी कधी त्यासाठी अख्खा देश निर्माण करतात. 'ट्रिप्लेक्स' नावाचे मोठे आंतरराष्ट्रीय सराव होतात. 2016 साली नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर झालेल्या सरावात सोरलँड नावाच्या देशाला चक्रीवादळाने झोडपलं होतं. नकाशावर शोधू नका, तो तिथे नाही. काल्पनिक देश वापरण्यामागे शहाणपण आहे. खऱ्या देशाचं नाव घेतलं की त्याच्या सरकारचा अपमान, सीमावाद, कुणाची लोकसंख्या किती असे प्रश्न उभे राहतात आणि सराव बाजूला राहतो. शिवाय कल्पित देशात कुणीच जुनाजाणता नसतो, सगळे सारखेच अनोळखी. मात्र स्वतःच्या कार्यालयाची तयारी तपासायची असेल तर आपलंच शहर, आपलाच रस्ता हवा. गोदामाची किल्ली कुणाकडे आहे हे सोरलँडमध्ये कळणार नाही.

पडद्यामागची खोली मला सर्वांत विलक्षण वाटते. सहभागी लोकांना एक फोन-यादी दिलेली असते आणि बाहेरच्या जगाशी फक्त त्या यादीतून बोलायचं असतं. यादीतले सगळे नंबर त्या एका खोलीत वाजतात. तिथे बसलेली एक बाई दहा वाजता गृहमंत्री असते, साडेदहाला ट्रकमालक, आणि अकराला दोन मुलं हरवलेली आई. नियंत्रकाच्या हातात वेळेचा लगाम असतो. पथक चाचपडतंय असं दिसलं तर तो पुढचे दोन इंजेक्ट मागे ढकलतो. फारच सहज चाललंय असं दिसलं तर तीन एकदम सोडतो. कधी सरावातली एक दुपार म्हणजे वादळानंतरचा दुसरा आणि तिसरा दिवस असतो. आणि सहभागी लोक तक्त्यात नसलेलं काहीतरी विचारणारच: "हेलिकॉप्टर मिळेल का?" याचं उत्तर काही सेकंदांत द्यायचं, आणि आधी सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीला ते छेद देता कामा नये.

सगळ्यांना माहीत असतं की हे खोटं आहे. तरी आवाज चढतात. कुणी जेवायचं विसरतं. ज्याला सगळं ठाऊक असतं त्या एका माणसाभोवती गर्दी होते, आणि म्हणूनच अकरा वाजताची ती अपघाताची चिठ्ठी तक्त्यात असते: तो माणूस काढून घेतला की संस्थेला खरोखर किती माहीत आहे ते दिसतं. मग अगदी लहान गोष्टी वर येतात. आणीबाणीतले सगळे फोन नंबर ज्या सर्व्हरवर आहेत तो विजेवरच चालतो. सॅटेलाइट फोन कपाटात आहे, पण त्याची वर्गणी कुणी भरलेली नाही. अशा एकेका शोधासाठी दिवसभराची दमछाक सोसायला मी आनंदाने तयार होईन.

खोटेपणालाही कुंपण हवं असतं. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला आणि शेवटी 'सराव, सराव, सराव' असं म्हणायचं, आणि कुणी खरोखर पडलं, भाजलं, तर सगळं तत्क्षणी थांबवणारा एक वेगळा शब्द आधीच ठरवायचा, हा नियम मोडायचा नसतो. का, ते 13 जानेवारी 2018 ला अमेरिकेच्या हवाई राज्यात दिसलं. तिथल्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेत पाळी बदलताना रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाने अचानक क्षेपणास्त्र हल्ल्याचा सराव घेतला. ध्वनिमुद्रित संदेशाच्या दोन्ही टोकांना 'सराव' हा शब्द होता, पण मध्येच 'हा सराव नाही' असंही वाक्य होतं. एका कर्मचाऱ्याने ते खरं मानलं आणि बेटांवरच्या फोनवर इशारा गेला. तो चुकीचा असल्याचा संदेश फोनवर यायला 38 मिनिटं लागली. तेवढा वेळ लोक मुलांना कुशीत घेऊन मरणाची वाट पाहत होते.

सराव कितपत खरं भाकीत करू शकतो याचं मला चकित आणि अस्वस्थ करणारं उदाहरण म्हणजे 'हरिकेन पॅम'. जुलै 2004 मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, बॅटन रूज इथे, शेकडो अधिकारी आणि तज्ज्ञ पाच दिवस एका काल्पनिक वादळाशी झुंजले. ताशी सुमारे 190 किलोमीटरचे वारे, काही भागांत 50 सेंटिमीटर पाऊस, न्यू ऑर्लिन्सच्या बंधाऱ्यांवरून आत येणारं समुद्राचं पाणी, दहा लाखांहून अधिक लोकांचं स्थलांतर. सरावाची रचना मधू बेरीवाल या मूळच्या भारतातल्या नियोजनकार बाईंच्या कंपनीने केली होती. तिथला एक नियम मला फार आवडतो: परीकथेतली जादूची भुकटी वापरायची नाही. म्हणजे "तोवर बोटी येतील" असं म्हणून पुढे जायचं नाही. कुठून येतील, किती येतील, चालवणार कोण, ते लिहायचं.

या नियमामुळे पुष्कळ काही जमिनीवर आलं. पाण्यातून काढलेल्या माणसांना आधी जवळच्या उंच, कोरड्या जागी उतरवायचं आणि तिथून पुढे न्यायचं, ही पद्धत तिथे विचारपूर्वक आखली गेली. गाड्या नसलेले सुमारे लाखभर लोक शहरातच राहतील हेही स्पष्टपणे नोंदलं गेलं. पण त्यांना बाहेर काढणाऱ्या वाहनांचा आराखडा अपुरा राहिला. पुढच्या बैठका निधीअभावी लांबल्या. ऑगस्ट 2005 उजाडला तरी कार्यशाळा चालूच होत्या, आणि 29 ऑगस्टला कतरिना हे खरं वादळ आलं. न्यू ऑर्लिन्सचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. उंच जागांवर उतरवण्याची पद्धत चालली, बचाव पथकांनी हजारो जीव वाचवले. आणि सुपरडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये हजारो लोक दिवसामागून दिवस बसची वाट पाहत राहिले. सरावात ज्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं गेलं होतं तो प्रत्यक्षात बराचसा सुटला, आणि ज्या रकान्यात उत्तर नव्हतं तिथे माणसं अडकली. इतकं तंतोतंत जुळणं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

ब्रिटनमध्येही असंच घडलं. ऑक्टोबर 2016 मधल्या 'सिग्नस' या सरावात फ्लूची महासाथ कल्पिली होती. देशाची तयारी अशा साथीच्या टोकाच्या मागण्यांना पुरेशी नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला. आणि तो अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला 2020 चा ऑक्टोबर उजाडला, कोविडची साथ ऐन भरात असताना.

याच्या उलट बाजूला बांगलादेश आहे. 1970 च्या भोला चक्रीवादळात तिथे तीन ते पाच लाख माणसं गेली. त्यानंतर रेड क्रॉस-रेड क्रिसेंट आणि सरकारने मिळून चक्रीवादळ-सज्जता कार्यक्रम उभारला. आज त्यात 70,000 हून अधिक स्वयंसेवक आहेत, जवळजवळ निम्म्या बाया. ते गावागावांत झेंडे आणि भोंगे घेऊन पुन्हा पुन्हा सराव करतात. 2017 पासून कॉक्स बाजारच्या डोंगरउतारांवर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्यांत लाखो रोहिंग्या निर्वासित आले, तेव्हा हीच पद्धत छावण्यांमध्ये नेली गेली आणि निर्वासितांमधूनच स्वयंसेवक तयार केले.

तिथे सराव रचणं हे या विद्येतलं सर्वांत नाजूक काम असावं. आधीच पळून आलेल्या माणसांसमोर अचानक धावपळीचं नाटक उभं करता येत नाही; मुलं ते खरं मानतील. म्हणून सराव आधी जाहीर करतात, झेंड्यांचे अर्थ घरोघरी जाऊन सांगतात. शिवाय "सुरक्षित गावी जा" हे उत्तर तिथे उपलब्ध नाही, कारण छावणीबाहेर जायची मोकळीक नाही. उरतात छावणीतल्याच शाळा, सभागृहं आणि जरा भक्कम घरं. मग प्रश्न बदलतात: दरड कोसळेल अशा उतारावरचं कुटुंब नेमकं कुठल्या खोलीत जाईल, तिथल्या म्हातारीला उचलून कोण आणेल, रात्री बायकांना तिथे सुरक्षित वाटेल का? 14 मे 2023 ला मोखा चक्रीवादळ आलं. मुख्य तडाखा म्यानमारला बसला, छावण्यांतल्या हजारो झोपड्या मोडल्या. त्याआधी निर्वासित स्वयंसेवकांनी झेंडे आणि भोंगे घेऊन उतारांवरची कुटुंबं हलवलेली होती.

सराव संपल्यावर दोन बैठका होतात. पहिली तिथल्या तिथे, घाम वाळायच्या आत, कारण रात्रभरात माणूस आपली गोष्ट सुधारून घेतो. त्यात निरीक्षक कोण चुकलं ते सांगत नाहीत. 10:40 ला मिळालेला निरोप 12:15 पर्यंत कुणाच्या टेबलावर होता, एवढंच वाचून दाखवतात. दुसरी काही आठवड्यांनी. तिच्यात प्रत्येक त्रुटीपुढे एका माणसाचं नाव, एक तारीख आणि लागणारी रक्कम लिहायची असते. पुढच्या सरावाचा तक्ता याच कागदावरून सुरू करतात: फोनची वर्गणी भरली का, किल्लीची दुसरी प्रत कुणाकडे आहे, आणि प्रमुख नसताना सही कोण करणार.