घर घेताय? वकील बीडचाच बघा

बीडजवळच्या नारायणगड देवस्थानाच्या परिसरात घर किंवा प्लॉट घेताना पुण्या-मुंबईचा नामांकित वकील फारसा उपयोगी पडत नाही. बीड 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तेव्हाचं महसुली दप्तर उर्दूत. त्यामुळे सातबाऱ्यावर न थांबता जुनं खासरा पत्रक काढणारा आणि ते वाचणारा माणूस माहीत असलेला वकील हवा. गड म्हटला की देवस्थान इनामाची शक्यता आलीच. खिदमतमाश, म्हणजे देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली इनाम जमीन, सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि त्यावरचं घर कितीही टुमदार असलं तरी व्यवहार अडकतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा : मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेलं इनाम) आणि खिदमतमाश यांत फरक काय? गडबडला, तर चहा पिऊन उठा.

तीस वर्षांचा शोध अहवाल सहीनिशी लेखी घ्या, फीही आधी ठरवा. विकणाऱ्याचाच वकील ‘दोघांचं बघतो’ म्हणाला, तर नम्रपणे नाही म्हणा. बाँडवर नोटरी करून मालकी मिळत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. त्यानंतर फेरफार राहतोच.