चाळीस दिवसांचा उपवास आणि तळ्याचे पाणी

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास ख्रिस्ती लोकांचा एक व्रतकाळ येतो. इंग्रजीत त्याला लेंट म्हणतात. मराठी ख्रिस्ती बांधव त्याला उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. कामगार संघटनेत उभी हयात घालवलेल्या माणसाने या विषयावर बोलावे, आणि तेही महाडात, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण हा काळ मी पुस्तकात पाहण्यापूर्वी कारखान्यात पाहिला. आमच्याबरोबर काम करणारे ख्रिस्ती मित्र या दिवसांत डबा अर्धा करीत, विडी सोडीत, शुक्रवारी मांसाला शिवत नसत. ते का, हे समजून घ्यावे म्हणून मी वाचीत गेलो, आणि वाचता वाचता पुन्हा आपल्या चवदार तळ्यावरच येऊन पोहोचलो.

प्रथम काळाचा हिशेब सांगतो, कारण तो अनेकांना जुळत नाही. राखेच्या बुधवारी हा काळ सुरू होतो आणि ईस्टरला, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, संपतो. मधले दिवस मोजले तर ते शेहेचाळीस भरतात. पण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस मानलेला असल्यामुळे त्या दिवशी उपवास नाही. सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा पहिला रविवार. आपल्याकडे सणांना तिथी लागते, तसाच हा प्रकार. चाळीस हा आकडा येशूने रानात उपाशी काढलेल्या चाळीस दिवसांवरून आला. त्या रानात सैतानाने त्याच्यापुढे पहिला मोह ठेवला तो भाकरीचा, धोंड्यांच्या भाकरी कर म्हणून. उपाशी माणसाला कोणत्या टोकाला धरून ओढावे हे सैतानालाही ठाऊक होते; आमच्या संपांच्या दिवसांत मालकांनाही ठाऊक असे.

पहिल्या बुधवारी धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढतात. ही राख गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिरवलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस, या अर्थाचे शब्द त्या वेळी म्हणतात. गिरणीमालक असो की झाडूवाला, राख एकाच वाटीतली.

पुढे तीन गोष्टी करायच्या : प्रार्थना, उपवास आणि दान. या तिन्हींविषयी मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने एकच ताकीद दिली आहे, की ती दाखवण्यासाठी करू नका. उपवास करणाऱ्याने तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे, म्हणजे लोकांना पत्ता लागणार नाही. कॅथलिक पंथाचे उपवासाचे नियम पूर्वी फार कडक होते. १९६६ साली सहावे पोप पॉल यांनी ते सैल केले. आता सक्तीचा उपवास दोनच दिवस : राखेचा बुधवार आणि येशूच्या मरणाचा शुक्रवार. त्या दिवशी एक वेळचे पोटभर जेवण, बाकी दोन वेळा किरकोळ काही. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळीला मात्र मुभा. आता कोकणच्या किनाऱ्यावर मटण सोडून पापलेटावर ताव मारण्यात कसले आले प्रायश्चित्त, असे कोणी म्हणेल. ख्रिस्ती मित्रही हसून तेच म्हणतात. आपल्याकडे तरी काय, एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडली नाही. व्रताला पळवाट शोधणे हा सर्व धर्मांचा सामाईक धर्म आहे.

म्हणून खरा प्रश्न, हे व्रत खोल कसे जाते? बरेच भाविक त्याचे उत्तर आणखी एक वस्तू सोडून देतात : या वर्षी चहा, पुढच्या वर्षी साखर. मला ते अपुरे वाटते, आणि असे वाटण्याला आधार त्यांच्याच परंपरेत आहे.

हा काळ मुळात उपवासाचा नव्हे, तर पाण्याचा आहे. पहिल्या काही शतकांत ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा देत, म्हणजे नव्याने येणाऱ्या माणसाला पाण्यातून धर्मात घेत. त्याआधीचे आठवडे ही त्या माणसाची तयारी. या तयारीत ज्या कथा वाचून दाखवीत त्यांत एक विहिरीची आहे आणि एक तळ्याची. तळ्याची अशी : जन्मांधाच्या डोळ्यांना येशू मातीचा लेप लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यात धुऊन यायला सांगतो, तो धुतो आणि त्याला दिसू लागते. विहिरीची कथा मात्र सावकाश सांगितली पाहिजे.

भर दुपारची वेळ. येशू चालून थकलेला, शोमरोन प्रांतात याकोबाच्या विहिरीच्या काठावर बसला आहे. शिष्य गावात अन्न आणायला गेले आहेत. एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते. यहुदी लोक शोमरोन्यांना बाटलेले समजत; त्यांच्या भांड्याला यहुद्याने तोंड लावायचे नाही असा दंडक. येशू यहुदी. आणि तो तिच्याजवळ पिण्याचे पाणी मागतो. बाई चकित होते : तू यहुदी असून माझ्याकडे कसे मागतोस? पुढे दोघांचे मोठे संभाषण आहे, जिवंत पाणी म्हणजे काय, देवाची उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमात, यावर. शेवटी बाई घागर तिथेच टाकून गावाकडे धावते. माझे लक्ष मात्र पहिल्या वाक्यावरच खिळून राहते. उच्च मानला गेलेला माणूस विहीर खुली करून देत नाही, मेहेरबानी करीत नाही. त्याच्याजवळ बादलीही नाही. तो हात पसरतो, आणि हीन मानलेल्या हातचे पाणी मागतो.

ही कथा जुन्या क्रमात प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारनंतरच्या शुक्रवारी वाचण्याची रीत होती. १९६९ साली नवा क्रम ठरला, त्यात दर तीन वर्षांच्या फेऱ्यात ती तिसऱ्या रविवारीच येते. बाप्तिस्म्याचे उमेदवार असतील तिथे दरवर्षीही वाचतात.

आता आपल्या गावाची एक तारीख घेऊ. १९२७ साली ईस्टर १७ एप्रिलला होता. तेथून मागे मोजत आले तर राखेचा बुधवार २ मार्चला पडतो आणि प्रायश्चित्तकाळाचा तिसरा रविवार २० मार्चला. २० मार्च १९२७ रोजी महाडात काय झाले हे या गावात सांगण्याची गरज नाही. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचा तो दुसरा दिवस. परिषदेच्या मांडवातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून लोक शिस्तीने चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता, महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर तळे उघडे आणि प्रत्यक्षात बंद, हा अनुभव कामगार कायद्यांमुळे आम्हांला फार ओळखीचा आहे. परिषदेच्या तयारीत पुढाकार घेणारे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट झाले आणि कामगार चळवळीत आयुष्यभर राहिले, हेही जाता जाता सांगतो.

दोन तारखा जुळल्या यात मला चमत्कार दिसत नाही. त्या दिवशी महाडात कोणी प्रायश्चित्तकाळाचा विचार करीत होते असेही मी म्हणत नाही. पण त्यानंतर जे झाले त्याच्या शेजारी ही विहिरीची कथा ठेवून पाहा. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, मांडवात जेवणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. आणि मग तळ्याची शुद्धी करण्यात आली : एकशे आठ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही त्यात घालून, मंत्र म्हणून ते परत तळ्यात ओतले गेले. म्हणजे प्रायश्चित्त झाले खरे, पण ते पाण्याला दिले गेले. पाण्याने काय केले होते? ख्रिस्ती प्रायश्चित्तकाळाची सारी रचना याच्या नेमकी उलट आहे. राख माणसाच्या कपाळाला लागते, विहिरीला नाही. शुद्ध व्हायचे ते पिणाऱ्याने, आणि त्याहून अधिक, दुसऱ्याला पिऊ न देणाऱ्याने. तळ्याचा दावा पुढे कोर्टात गेला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्याला कायद्याने दहा वर्षे घेतली.

हे ऐकून ख्रिस्ती श्रोत्यांनी निश्चिंत होऊ नये. जात त्यांच्या देवळाच्या दारात थांबलेली नाही. तिरुचिरापल्लीला मेलपुदूरच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत दलितांच्या थडग्यांपुढे भिंत उभी राहिली. मेल्यावरही शेजार नको. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे आपले धोरण प्रसिद्ध केले, त्यात चर्चमध्ये भेदाभेद आहे हे मान्य केले. मान्य करणे ही प्रायश्चित्ताची पहिली पायरी खरी, पण पहिलीच. बाबासाहेबांनी १९३८ च्या आरंभी सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळींपुढे भाषण केले होते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी त्यांनी आदर व्यक्त केला. पण ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढायला उतरला नाही, हा दोषही तोंडावर सांगितला. सरकारचा दोषही येथे सांगितला पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेला दलित मात्र बाहेर राहिला. चर्चमध्ये जात आणि सरकारदरबारी जात नाही, अशी त्याची दुहेरी कोंडी.

मग हे व्रत खोल करायचे म्हणजे काय करायचे, हे एका उदाहरणाने सांगतो. एका कारखान्यात आमच्या कमिटीवर एक ख्रिस्ती फिटर होता. तेथे कायम कामगारांसाठी कॅन्टीनमध्ये थंड पाण्याचे यंत्र होते. कंत्राटी कामगारांसाठी दाराबाहेर उन्हात एक निळे पिंप आणि साखळीला बांधलेला एक पेला. याला कोणी जात म्हणत नव्हते, व्यवस्था म्हणत होते; पण पिंपाशी उभे असत ते कातकरी, बौद्ध वस्तीतले तरुण आणि परप्रांतातून आलेली पोरे. दरवर्षी विडी सोडणाऱ्या या फिटरने एका राखेच्या बुधवारी ठरवले की या खेपेला यंत्राचे पाणी सोडायचे. आणि तो पिंपावर पाणी पिऊ लागला. त्याने कोणाला काही सांगितले नाही. आत लोक हसले. बाहेर तर संशयच घेतला, हा मुकादमाचा माणूस टेहळणीला येतो की काय! आठवडाभराने एकाने त्याला विचारलेच, दादा, तुमचे यंत्र बिघडले का? तेथून बोलणे सुरू झाले. नावे कळली, कोणाचा भविष्यनिर्वाह निधी कंत्राटदाराने भरलाच नाही ते कळले. तोवर हे आमच्या कमिटीला ठाऊक नव्हते, कारण आम्ही यंत्राचे पाणी पीत होतो.

ईस्टर आला तरी पिंप होते तेथेच होते. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाणी द्यावे, असे तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अठराव्या कलमात होते, आणि कायम व कंत्राटी असा भेद त्या कलमात नव्हता. पुढच्या दिवाळीच्या वाटाघाटीत पाणी ही आमची अकरावी मागणी होती. तेव्हा पिंप गेले.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात अठ्ठावन्नावा अध्याय आहे. उपवासकाळाच्या सुरुवातीलाच तो चर्चमध्ये वाचतात. त्यात देवाची तक्रार अशी आहे की उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना राबवता, आणि मला हवा असलेला उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणे आणि आपली भाकर भुकेल्याला वाटून देणे. हे मजुरांचे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आमच्याच एखाद्या पत्रकातले वाटले. दानाविषयीही त्यामुळे माझे मत थोडे कडवे आहे. पेटीत टाकलेला पैसा चांगलाच. पण घरच्या मोलकरणीचा पगार दोन वर्षे वाढवलेला नसेल तर तो पैसा आधी तिचा आहे.

असे मूळ हलवणारे लोक मराठी ख्रिस्ती समाजात झाले आहेत. कवी नारायण वामन टिळक आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. १९१९ साली ते गेले, तो प्रयोग पुढे फार वाढला नाही. पण एका माणसाने आपल्या सोयीची भिंत स्वतः पाडली, एवढे तरी झाले.

माझ्या ओळखीचे ख्रिस्ती कामगार दरवर्षी राखेच्या बुधवारच्या आसपास मला गमतीने विचारतात, की यंदा काय सोडू, सांगा. मी त्यांना विचारतो, तुझ्या वस्तीत, कारखान्यात, नात्यात असे कोणाचे घर आहे जिथे तू आजवर पाणी प्यालेला नाहीस? तिथे जा. आणि पाणी आपण होऊन माग.