घटनास्थळाला दोरी का बांधतात?

मागच्या महिन्यात माझे तीन आठवडे वाया गेले. मी मातीतल्या बुरशींच्या डीएनएवर काम करते. मातीतून मिळणारा डीएनए इतका कमी असतो की पीसीआर करून त्याच्या प्रती वाढवाव्या लागतात. प्रत्येक वेळी नमुन्यांच्या नळ्यांसोबत एक जास्तीची नळी ठेवायची, तिच्यात बाकी सगळी रसायनं घालायची, फक्त नमुन्याऐवजी पाणी. हिला आम्ही निगेटिव्ह कंट्रोल म्हणतो. तिच्यात काहीही दिसता कामा नये.

त्या दिवशी जेलवर पाण्याच्या नळीसमोर लख्ख पट्टा दिसला. म्हणजे कुठून तरी परका डीएनए घुसला होता. पिपेटमधून, पाण्याच्या बाटलीतून की माझ्याच हातमोज्यावरून, देव जाणे. बाकीच्या नळ्यांचे निकाल एकदम छान होते, पण आता त्यांच्यावर विश्वास कसा ठेवणार? सगळं फेकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

माझं नुकसान तीन आठवड्यांचं. पण हाच घोळ खुनाच्या तपासात झाला तर? या प्रश्नापायी मी न्यायसहायक विज्ञानातलं थोडं वाचायला घेतलं आणि दोन प्रकरणांनी अक्षरशः झोप उडवली. आज ती दोन प्रकरणं, आणि त्यांच्या निमित्ताने घटनास्थळी नेमकं काय करतात आणि का, ते सांगते.

कुठेच नसलेली खुनी बाई

२५ एप्रिल २००७. दक्षिण जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात एका मैदानावर उभ्या असलेल्या पोलीस गाडीवर गोळीबार झाला. २२ वर्षांची एक पोलीस महिला जागीच गेली, तिचा सहकारी डोक्यात गोळी लागूनही वाचला. गाडीतून स्वॅब घेतले गेले. स्वॅब म्हणजे टोकाला कापूस असलेली काडी, कोविडच्या काळात आपल्या सगळ्यांच्या नाकात गेली होती तसलीच. त्यावर एका बाईचा डीएनए मिळाला.

डेटाबेसमध्ये शोधल्यावर तपास करणाऱ्यांना धक्का बसला. हाच डीएनए १९९३ मधल्या एका खुनात होता. २००१ मधल्या दुसऱ्या खुनात होता. शिवाय घरफोड्या, गाड्यांच्या चोऱ्या, हेरॉइनची सिरिंज... जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स मिळून ४० च्या आसपास ठिकाणी ही बाई 'हजर' होती. पकडलेल्या चोरांना विचारलं तर ते म्हणायचे, आमच्यासोबत कुणी बाई नव्हतीच. पोलिसांना वाटायचं, हे तिला घाबरून खोटं बोलताहेत. वर्तमानपत्रांनी तिला 'हाइलब्रॉनचं भूत' असं नाव दिलं. तिची माहिती देणाऱ्याला तीन लाख युरोंचं बक्षीस जाहीर झालं. तपासात रोमा समाजाच्या लोकांकडे संशयाने पाहिलं गेलं.

मग मार्च २००९ मध्ये एक विचित्र गोष्ट घडली. एका जळालेल्या मृतदेहाची ओळख पटवायची होती. तो माणूस पुरुष होता. त्याच्या जुन्या कागदपत्रांवर बोटांचे ठसे होते, त्यातून डीएनए घ्यायचा प्रयत्न केला, तर सापडला त्याच बाईचा डीएनए! तिथे ती असणं शक्यच नव्हतं. तेव्हा कुठे संशयाची सुई फिरली ती काड्यांकडे. तो डीएनए स्वॅब तयार करण्याच्या कामात असलेल्या एका महिला कामगाराचा निघाला. ती कोणत्याही घटनास्थळी गेली नव्हती. तिने हात लावलेल्या काड्या मात्र सगळीकडे पोचल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, काड्या निर्जंतुक नव्हत्या का? होत्या! इथेच खरी गोम आहे. निर्जंतुक म्हणजे त्यावर जिवंत जंतू नाहीत, एवढंच. डब्यातल्या तुरीच्या डाळीला कीड लागली आणि तशीच शिजवली, तर कीड मरते, पण ती डाळीतून नाहीशी होत नाही. तसंच मेलेल्या पेशींमधल्या डीएनएचे तुकडे काडीवर शिल्लक राहतात आणि पीसीआरला तेवढे पुरतात. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. सगळं सुरळीत चाललं तर २८ फेऱ्यांत एकाच्या सुमारे २७ कोटी! जखमेसाठी उत्तम असलेली काडी डीएनएच्या तपासासाठी चांगली असेलच असं नाही. या प्रकरणानंतर न्यायसहायक कामात वापरायच्या वस्तूंवर मानवी डीएनए नसावा यासाठी आयएसओ १८३८५ हे वेगळं आंतरराष्ट्रीय मानक २०१६ मध्ये आलं.

आणि खरे मारेकरी? नोव्हेंबर २०११ मध्ये आयझेनाख इथे एका कॅम्पर गाडीत दोन पुरुष मृतावस्थेत सापडले. गाडीत त्या दोन्ही पोलिसांची सरकारी पिस्तुलं होती. ते दोघे एका नवनाझी दहशतवादी टोळीचे होते. तपास यंत्रणा दोन वर्षं अस्तित्वात नसलेल्या बाईमागे धावत होती.

डीएनए खरा, आरोप खोटा

दुसरं प्रकरण मला जास्त घाबरवतं, कारण त्यात प्रयोगशाळेने काहीच चूक केली नव्हती.

नोव्हेंबर २०१२, कॅलिफोर्निया. एका उद्योजकाचा त्याच्या घरात खून झाला. त्याच्या नखांमध्ये एका अनोळखी माणसाचा डीएनए मिळाला. डेटाबेसमधून नाव निघालं, माणूस पकडला गेला. आरोप खुनाचा, शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाऊ शकणारी. त्याला स्वतःला त्या रात्रीचं काही आठवत नव्हतं, कारण तो दारूच्या नशेत होता. त्याच्या वकिलांनी दवाखान्याची कागदपत्रं काढली, तर खुनाच्या वेळी हा रुग्णालयात दाखल होता!

मग त्याचा डीएनए तिथे गेला कसा? रुग्णवाहिकेतल्या ज्या कर्मचाऱ्यांनी संध्याकाळी या माणसाला उचलून रुग्णालयात नेलं होतं, तेच कर्मचारी काही तासांनी खुनाच्या ठिकाणी पोचले होते. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा आधी याच्या बोटाला लागला होता, नंतर मृताच्या. बहुधा त्यावरूनच डीएनए गेला असं मानलं जातं. त्या माणसाने सुमारे पाच महिने तुरुंगात काढले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण सहज वापरतो. इथे ती जवळजवळ खरी झाली होती.

दोन्ही प्रकरणांत 'डीएनए कुणाचा?' याचं उत्तर बरोबर होतं. चुकला तो पुढचा प्रश्न: 'तो इथे आला कसा आणि कधी?' आणि या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेतलं कोणतंही मशीन एकटं देऊ शकत नाही. ते घटनास्थळी, पहिल्या काही तासांत ठरतं.

आता दोरीकडे येऊ

एदमों लोकार या फ्रेंच वैज्ञानिकाने १९१० मध्ये ल्यों शहरात न्यायालयाच्या इमारतीच्या पोटमाळ्यावर पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. त्याच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व असं: दोन गोष्टी एकमेकींना भिडल्या की काहीतरी देवाणघेवाण होते. गुन्हेगार काहीतरी सोडून जातो, काहीतरी घेऊन जातो. केस, धागा, माती, घाम.

हे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर फक्त गुन्हेगार येतो. पण तत्त्व तर सगळ्यांना लागू आहे. दार उघडणारा शेजारी, नाडी पाहणारा डॉक्टर, बघायला आलेले चार लोक, पोलीस, फोटोग्राफर... प्रत्येकजण काहीतरी सोडतो आणि बुटाच्या तळव्याला काहीतरी घेऊन जातो. म्हणून दोरी! ती गर्दी हटवण्यापुरती नसते. गुन्ह्याच्या वेळी काय होतं आणि नंतर काय आलं, यांच्यातली ती रेघ असते.

घटनास्थळी सगळ्यात आधी पोचलेल्या पोलिसाचं पहिलं काम पुरावा जपणं हे नाहीच. जखमी माणूस जिवंत असेल तर आधी त्याचा जीव. त्यात पुरावा तुडवला गेला तर गेला, फक्त कोण कुठून आत गेलं, काय हलवलं, हे लिहून ठेवायचं. कॅलिफोर्नियातल्या माणसाला अशाच नोंदींनी वाचवलं.

मग दोरी. ती प्रेताभोवती दोन हातांवर बांधून भागत नाही. गुन्हेगार कुठून आला आणि कुठून पळाला असेल, तेही आत यायला हवं. जागा लहान करणं नंतर सोपं असतं, पण लोकांच्या पायाखाली गेलेली जागा परत मिळत नाही. आत जायची-यायची एकच वाट ठरवतात आणि दोरीपाशी एकजण वही घेऊन उभा राहतो: नाव, वेळ, कशासाठी. साहेब कितीही मोठे असोत, वहीत नाव आलंच पाहिजे.

काहीही उचलण्याआधी फोटो. आधी संपूर्ण खोली, मग वस्तू आणि आजूबाजूचा भाग, मग शेजारी पट्टी ठेवून अगदी जवळून. सोबत मोजमापांसह कच्चा नकाशा, कारण फोटोवरून अंतरं फसवी वाटतात. गोळा करताना आधी नाजूक ते: बुटांचे ठसे, सुटे केस, धागे. प्रत्येक वस्तूमागे हातमोजे बदलायचे. मालिकांमध्ये साहेब खिशातला रुमाल काढून पिस्तूल उचलतात ना? त्याने बोटांचे ठसे पुसले जाऊ शकतात आणि वर साहेबांचा डीएनए लागतो तो वेगळाच.

पॅकिंगमागेही शास्त्र आहे. रक्ताने भिजलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर ओल आत कोंडते, जीवाणू आणि बुरशी वाढतात आणि डीएनए तुटत जातो. (बुरशी काय करू शकते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार!) म्हणून तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा. पण आग लावल्याचा संशय असेल, तर जळका कचरा कागदात ठेवून चालत नाही, पेट्रोलची वाफ उडून जाते. त्याला हवाबंद पत्र्याचा डबा लागतो.

आणि माझी लाडकी पाण्याची नळी इथेही असते. डाग असलेल्या चादरीचा डाग नसलेला तुकडा, न वापरलेली कोरी काडी, तिथे वावरलेल्या पोलिसांचे आणि घरच्यांचे डीएनए नमुने. हे नमुने आरोपी शोधण्यासाठी नसतात, स्वतःची चूक पकडण्यासाठी असतात. हाइलब्रॉनमध्ये सगळ्याच काड्या दूषित नव्हत्या, त्यामुळे एखादी कोरी काडी तपासून भागलं असतं असं नाही. पण काड्यांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए ताडून पाहायची पद्धत असती, तर ते भूत केव्हाच उतरलं असतं.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे ही सगळी नोंद पंचनाम्यात येते आणि मुद्देमाल सीलबंद होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दोन मोठे बदल केले. कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचं. ही तरतूद अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका दुहेरी खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या माणसाची मुक्तता केली. डीएनए नमुन्यांची हाताळणी सदोष होती, हे त्यातलं एक महत्त्वाचं कारण. सोबत न्यायालयाने देशभरासाठी सूचना दिल्या: नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, आणि तो कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंदवही निकालापर्यंत ठेवली पाहिजे. साधी वही! पण ती नसेल तर पाकिटातला डीएनए कितीही स्पष्ट असो, तो मधल्या काळात आत आला नाही हे सांगणार कोण?

हे वाचून तुम्हाला वाटेल, आपला काय संबंध? दोन ठिकाणी येऊ शकतो.

एक, घरी चोरी झाली तर. आपला पहिला हात जातो तो पसारा आवरायला, कपाट लावायला. ते करू नका. बाहेर या, ११२ ला फोन करा, कुणाला आत जाऊ देऊ नका. आणि कशाला हात लावला असेल तर पोलिसांना सांगून टाका. त्यात लाजण्यासारखं काही नाही. न सांगितलेला स्पर्श तपासाला जास्त महागात पडतो.

दोन, पंच म्हणून बोलावलं तर. बरेचजण दाखवतील तिथे सही करून मोकळे होतात. सही करण्याआधी एवढं बघा: वस्तू तुमच्यासमोर सापडली का, तुमच्यासमोर पाकिटात गेली का, सील लागलं का, लिहिलेली वेळ खरी आहे का. तुमच्या सहीचा अर्थ 'यानंतर यात काही घुसलेलं नाही' असा होतो. माझ्या नळीत काय घुसलं ते मला तीन आठवड्यांत कळलं आणि मी पुन्हा सुरुवात करू शकले. खोलीतला पुरावा एकदाच गोळा करता येतो.